धूर थांबला म्हणजे धोका संपला का?

डिसेंबरात आम्ही लॅबमधले सहाजण पवना धरणाच्या काठी तंबू टाकून राहिलो होतो. ग्रिलवर पनीर, चिकन, कणसं सगळं भाजून झालं. रात्री थंडी वाढली तसा एक मित्र म्हणाला, "निखारे अजून लाल आहेत, धूर तर कधीच थांबलाय. ग्रिल तंबूत घेऊया की!" आम्ही त्याला अडवलं. का, ते आज सांगते.

लाकडी कोळसा म्हणजे बहुतांश कार्बन. भरपूर हवा मिळाली की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. पण निखाऱ्यांच्या ढिगात हवा सगळीकडे सारखी पोचत नाही. खाली तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जातो, तेव्हा त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचताना तुम्ही पाहिली असेल. तिथे हाच वायू जळत असतो. निखारे मंदावले की ज्योत जाते, पण वायू तयार होणं थांबत नाही. आता तो न जळताच बाहेर पडतो. म्हणजे शांत दिसणारी शेगडीच बंद जागेत जास्त दगा देते.

या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. आपल्याला वाटतं, जेवण बाधलं. झोपेत असाल तर तेवढंही कळत नाही. कोविडमध्ये घरोघरी आलेला साधा पल्स ऑक्सिमीटरही इथे फसतो, कारण मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. त्यामुळे आकडा ९८ दिसला तरी निर्धास्त राहू नका. माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि कोळसा पेटवला होता हे आवर्जून सांगा.

मग ग्रिल घेताना काय बघायचं? घट्ट बसणारं झाकण आणि वर-खाली उघडझाप करता येणारे झरोके. अमेरिकेत १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातल्या बोयाचा धातूचा गोळा कापून असं झाकणवालं ग्रिल बनवलं. झरोके उघडे ठेवले की आच वाढते, सगळे बंद केले की हवेवाचून निखारे विझतात. पण त्याला काही तास लागतात, तोवर ग्रिल उघड्यावरच हवं. गरम ग्रिलवर पाणी ओतू नका. वाफेने हात भाजतो, पातळ पत्रा वाकतो.

सकाळी ग्रिल पूर्ण गार झालं की राख काढून टाका. ती ओल धरते आणि पत्रा गंजवते. जाळी घासायला तारेचा ब्रश नको, त्याची तुटलेली तार घासात जाऊ शकते. नारळाचा काथ्या उत्तम.

आणि ग्रिल तंबूत, खोलीत, काचा लावलेल्या बाल्कनीत कधीच नाही. "खिडकी थोडी उघडी ठेवतो" हेही पुरत नाही. थंडी वाजली तर आमच्या मित्राने शेवटी केलं तेच करा, अजून एक गोधडी घ्या.