भरती थांबली की आजारी कोण पडते?

सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग, तपासणीची रांग, औषधाची रांग. तासभर उभे राहून आपण खिडकीतल्या कर्मचाऱ्यावर चिडतो. शेजारची दुसरी खिडकी बंद का आहे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. खारदांड्यातील आपल्या घरांना वांद्र्याचे भाभा किंवा जुहूचे कूपर हाच आधार. म्हणून हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

त्याच वस्तीत ए.एन.एम., जी.एन.एम. किंवा लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेली मुले-मुली जाहिरातीची वाट पाहत घरी बसलेली असतात. दवाखान्यात माणूस नाही आणि माणसाला काम नाही. मधे अडकले आहे ते एक मंजूर पण न भरलेले पद.

कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, 4 मे 2020 रोजी, राज्याच्या वित्त विभागाने नवीन पदभरती करू नये असा शासन निर्णय काढला. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभाग त्यातून वगळले होते. म्हणजे कागदावर परिचारिकांची भरती खुली होती. प्रत्यक्षात काय झाले? आरोग्य विभागाची परीक्षा 25 आणि 26 सप्टेंबर 2021 ला ठरली आणि आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. तोवर लांबच्या केंद्रांवर जाणारी मुले घरातून निघालीही होती. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली, तर पेपर फुटला. पुणे पोलिसांनी आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनाच अटक केली. शेवटी परीक्षा रद्द झाली. 10,949 पदांची नवी जाहिरात आली ती ऑगस्ट 2023 मध्ये. भरतीवर बंदी नसतानाही दोन वर्षे गेली. बंदीचा आदेश आणि रखडलेली परीक्षा यांत रुग्णाला काहीच फरक जाणवत नाही.

वॉर्डात याचा अर्थ काय होतो, तो हिशेबाने पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. समजा, तीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर आहे. ताप, नाडी, रक्तदाब आणि नोंद यांसाठी प्रत्येकी पाच मिनिटे धरली तरी एक फेरी अडीच तासांची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते कधी करायचे? सलाईन संपले, बाळंतिणीचा रक्तस्राव वाढला, हे कोणाच्या नजरेला पडणार? मग ते काम नातेवाइकावर येते. आई दाखल असेल तर धुणीभांडी करणारी लेक चार दिवस कामावर जात नाही. तिचा पगार कापला जातो. रिकाम्या पदाचा खर्च असा आपल्या घरातून भरला जातो.

30 सप्टेंबर 2023 पासूनच्या 24 तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचाही जाब विचारला.

आता वाट पाहणाऱ्याकडे पाहू. राज्यात सरकारी नोकरीसाठी वयोमर्यादा खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे. भरती थांबली तरी वय थांबत नाही. 2021 मध्ये 41 वर्षांची असलेली परिचारिका 2023 ला मर्यादेवर पोहोचली. मार्च 2023 मध्ये सरकारने दोन वर्षांची सूट दिली, पण तीही त्या वर्षअखेरपर्यंतच. 2021 च्या जूनअखेर पुण्यात लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराने जीवन संपवले. पूर्व आणि मुख्य परीक्षा पास होऊनही त्याची मुलाखत होत नव्हती. तेव्हा कुठे विधानसभेत रिक्त पदांवर घोषणा झाली.

तिसरी गोष्ट कंत्राटाची. पद भरत नाहीत, पण काम तर चालवायचे असते. मग एजन्सीमार्फत माणूस घेतला जातो. काम तेच, पगार कमी, मुदत संपली की पुन्हा टांगती तलवार. याविरोधात मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. 6 सप्टेंबर 2023 ला सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. विरोध वाढल्यावर तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. यात आपला प्रश्न थेट आहे. अनुसूचित जातींचे 13 टक्के आरक्षण बिंदुनामावलीतल्या मंजूर पदावर मिळते. पदच भरले नाही, तर बिंदू कुठे लागणार? बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना 1943 मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत 8.33 टक्के जागा मिळवून दिल्या. तो हक्क रद्द न करताही रिकामा करता येतो, तो असा.

पण लढून मिळतेही. मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये निकाल दिला. संघटनेने वर्षानुवर्षे केस चालवली, म्हणून तो आला.

आपण काय करायचे?

पहिले, माहिती मागा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तो मोफत आहे. एक विषय आणि 150 शब्द एवढीच मर्यादा. आपण जातो त्या रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा: परिचारिका, आया आणि वॉर्डबॉय यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, अनुसूचित जातींचा अनुशेष किती? उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. ते विहारात वाचून दाखवा. आंदोलन करताना हा कागद हातात असू द्या.

दुसरे, कागदपत्रे तयार ठेवा. जात वैधता प्रमाणपत्र, नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी, गुणपत्रिका. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर तारीख निघून जाते. "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तिसरे, घरातल्या उमेदवाराची तब्येत पाहा. झोप उडणे, जेवण कमी होणे, सतत डोके दुखणे, पाळी अनियमित होणे, लग्नकार्याला जाणे टाळणे, "मी घरावर ओझे आहे" असे बोलणे ही लक्षणे आहेत. त्याला आळस म्हणू नका. रोज "काही झाले का?" विचारण्यापेक्षा सोबत जेवा. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते, मराठीतही. अभ्यासाबरोबर हाताला दुसरे काम असण्यात कमीपणा नाही.

आणि पुढच्या वेळी रांगेत चिडाल, तेव्हा समोरच्या सिस्टरला विचारा, "तुमच्या वॉर्डात किती पदे रिकामी आहेत?" ती आपल्याच बाजूची आहे.