ब्रेकमधली हवा

मोटारीचा ब्रेक पायाला घट्ट लागावा लागतो. आमच्या जुन्या गाडीचा ब्रेक मात्र एकदा स्पंजासारखा दबू लागला. मागच्या चाकाकडे जाणारी झिजलेली रबरी नळी बदलताना आत हवा शिरली होती. ती आम्ही घरीच काढायची ठरवली. असे काम आम्ही पहिल्यांदाच करत होतो.

एवढीशी हवा काय बिघडवते? पेडल आणि चाक यांच्यामधल्या नळ्या तेलाने भरलेल्या असतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. त्यासाठी द्रव जवळजवळ न आकसणारा हवा. ५० वातावरणांइतक्या दाबाखाली पाणी जेमतेम पाव टक्का आकसते, ब्रेक ऑइलही साधारण तसेच. हवा मात्र, बॉइलच्या नियमानुसार, पन्नासाव्या भागाएवढी होते.

हिशोब करून पाहू. आत २ घन सेंमी हवा आहे आणि मुख्य सिलिंडरचा व्यास २ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंमी आहे, असे धरू. ही हवा दाबण्यातच दट्ट्याचे सुमारे ६ मिमी सरकणे खर्ची पडेल. तरफेमुळे पेडल दट्ट्याच्या पाचपट सरकत असेल, तर पाय ३ सेंमी खाली जाईल आणि चाकाला त्याचा पत्ताही नसेल!

हवा हलकी असल्याने वर गोळा होते. म्हणून ती काढण्याचे निपल ब्रेकच्या वरच्या बाजूस असते. आम्ही निपलला पारदर्शक नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवले. मुलगी पेडलवर बसली.

"दाब. दाबून धर."

निपल सैल केले, बुडबुडे आले, निपल आवळले.

"आता सोड."

हा क्रम महत्त्वाचा आहे. निपल उघडे असताना पाय उचलला, तर तीच वाट हवेला आत घेते.

बुडबुडे पाहण्यात आम्ही इतके रंगलो, की वरच्या टाकीतले तेल संपत आल्याचे लक्षातच आले नाही.

"बाबा, पेडल पुन्हा मऊ लागतंय!"

टाकीतूनच हवा आत गेली होती. सारे पहिल्यापासून करावे लागले.

बाटलीत जमलेले तेल पुन्हा टाकीत ओतायचे नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर १४० अंशही चालतो. घाट उतरताना ब्रेक तापतात. तेल उकळले तर वाफ होते, आणि वाफही वायूच. मग ऐन उतारावर पेडल तळाला जाते.

वर्गात हे दाखवायला सुई नसलेल्या दोन सिरिंज आणि एक नळी पुरे. आधी सर्व पाण्याने भरून एक दट्ट्या दाबा; दुसरा लगेच हलेल. मग मोठा बुडबुडा राहू द्या, दुसरा दट्ट्या अंगठ्याने अडवा आणि फरक विद्यार्थ्यांच्या बोटांनाच कळू द्या.

आमचे पेडल अखेर घट्ट झाले. तरीही रस्त्यावर नेण्याआधी गाडी मोकळ्या पटांगणात हळू चालवून पाहिली आणि मेकॅनिकला दाखवली. एबीएस असलेल्या गाड्यांची पद्धत वेगळी असू शकते. तिथे माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये.