परसदारातील हिरवे क्रीडांगण

मुलांना खेळावयास जागा हवी, हे कोणत्याही आईबापांस सांगावे लागत नाही. पूर्वी कापणी झालेले शेत किंवा गावाबाहेरचा माळ ही जागा आपोआप पुरवीत असे. आता माळांना कुंपणे पडली, रस्त्यांवर वाहनांची वर्दळ वाढली, आणि शहरांतून तासाच्या भाड्याने मिळणारी ‘टर्फ’ मैदाने मुलांच्या डोळ्यांत भरू लागली. साहजिकच चार पैसे गाठीस असलेला गृहस्थ मनाशी म्हणतो, आपल्याच परसदारी असे कृत्रिम गवत का अंथरू नये? इच्छा स्तुत्य आहे. तथापि खर्च मोठा आहे, आणि एकदा अंथरलेले सहजी गुंडाळता येत नाही. म्हणून या वस्तूचे गुणदोष आधी जाणून घेणे बरे.

या गवताचा जन्म शहरी मुलांसाठीच झाला. अमेरिकेतील दाट वस्तीतल्या मुलांना मोकळी हिरवळ मिळत नाही, हे ध्यानात घेऊन फोर्ड फाउंडेशनने कृत्रिम हिरवळीच्या प्रयोगांस उत्तेजन दिले. १९६४ साली प्रॉव्हिडन्स शहरातील मोझेस ब्राउन शाळेत ती प्रथम अंथरली गेली. पुढील वर्षी ह्यूस्टनचे ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेले भव्य क्रीडागृह उघडले. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या तिरिपीने खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगविली. तेव्हा उन्हावाचून आतले खरे गवत मेले. १९६६ साली तेथे कृत्रिम गवत आले आणि ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव जगभर झाले. जेथे गवत उगवू शकत नाही, तेथील ही सोय होय, हे विसरू नये.

आपल्या देशाला या गवताची खरी ओळख हॉकीने करून दिली. १९६४ साली टोकियो येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात इंदूरजवळच्या महूचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण आणि बेळगावचे बंडू पाटील होते. तो विजय खऱ्या हिरवळीवरचा होता. १९७६ साली माँट्रियल येथे ऑलिम्पिकची हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, आणि १९२८ पासून प्रत्येक वेळी पदक आणणारा भारत सातवा आला. हॉकीत पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला आज या मैदानाचा सराव हवाच. परंतु तो परसदारी नव्हे, मोठ्या क्रीडासंकुलातच होऊ शकतो. घरचे अंगण हे रोजच्या खेळासाठी आहे, हे ठरवून मगच हिशेब करावा.

बॅडमिंटनचे दुहेरी कोर्ट १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद असते. चोहोबाजूंस दीड मीटर मोकळीक धरली, तर सुमारे १५० चौरस मीटर जागा लागते. या जागेचे भवितव्य वरच्या हिरव्या थरावर नव्हे, तर खालच्या न दिसणाऱ्या कामावर ठरते. प्रथम वरची भुसभुशीत माती १५ ते २० सेंटिमीटर काढून टाकावी. झाडाची मुळे राहू देऊ नयेत. मग जमिनीला उतार द्यावा. शंभरास एक हे प्रमाण पुरते, म्हणजे नऊ मीटर रुंदीला नऊ सेंटिमीटर. उतार घराकडे किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाकडे मुळीच नसावा. तळाशी जिओटेक्स्टाइलचे कापड घालून त्यावर खडीचे थर द्यावेत. प्रत्येक थर रोलरने वा धुमसाने घट्ट दाबावा आणि शेवटी दगडाच्या बारीक कचीने पृष्ठभाग सारखा करावा. माळव्याच्या काळ्या जमिनीत अधिक खोल खणावे लागते, कारण ती माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे कडेने पाण्याचा चर न ठेवल्यास पहिल्याच श्रावणात मैदानाचे डबके होईल.

गवताच्या गुंडाळ्या बहुधा चार मीटर रुंद येतात. त्या अंथरताना सर्व पात्यांचा कल एकाच दिशेस राहावा, आणि जोड कोरड्या दिवशी पट्टी व गोंदाने चिकटवावेत. नंतर पात्यांमध्ये भर घालतात. ही भर धुतलेल्या वाळूची असावी. रबराचे कण पावसाबरोबर ओढ्यात व विहिरीकडे वाहत जातात. असे प्लास्टिकचे व रबराचे सूक्ष्म कण मैदानांसाठी विकण्यावर युरोपीय संघाने २०२३ साली बंदीचा नियम केला असून ती आठ वर्षांच्या मुदतीनंतर लागू होणार आहे.

सर्वांत मोठा प्रश्न उन्हाचा आहे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ साली मोजमापे झाली. हवेचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असताना कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापल्याची नोंद झाली. पाणी शिंपडताच तो ७९ अंशांवरून २९ अंशांवर उतरला, परंतु वीस मिनिटांत पुन्हा ७३ अंशांवर गेला. अनवाणी पायांनी धावणाऱ्या मुलांच्या आयांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. वैशाखात अशा मैदानावर सकाळ-संध्याकाळच खेळता येईल, आणि ते गार करण्यासाठी विहीर उपसणे परवडणार नाही. म्हणून मैदानाला सावली देणारा फणस वा आंबा त्यासाठी तोडू नये. पाला झाडून काढण्याचे कष्ट पत्करावेत.

चांगली निगा राखल्यास असे गवत आठ-दहा वर्षे टिकते. त्यानंतर ते जमिनीत कुजत नाही व जाळणे घातक असते. नवे घालण्याचा व जुने हलविण्याचा खर्च पुन्हा उभा राहतो.

यास्तव एक सल्ला द्यावासा वाटतो. गवत मागविण्यापूर्वी परसदारची तेवढीच जागा सारखी करून, पाणी मारून धुमसावी, चुन्याने रेषा आखाव्यात आणि दोन खांबांना जाळे बांधावे. यास थोडका खर्च येतो. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत मुले तेथे रोज खेळली, शेजारची मुलेही आली, तर खडीचा व गवताचा खर्च सत्कारणी लागेल. मुले चार दिवसांतच घरात परतली, तर त्या जागी भाजीचे वाफे पुन्हा घालता येतील, आणि घरची पुंजीही शाबूत राहील.