मोहगांवची गोंडी शाळा

आमच्या एका स्नेह्यांची नात दुबईस एका आंतरराष्ट्रीय शाळेंत शिकते. तेथें इंग्रजीबरोबर अरबीही शिकावी लागते. अरब नसलेल्या मुलांचीही त्यांतून सुटका नाहीं. दिवाळींत ती इकडे आली तेव्हां तिनें अरबी मुळाक्षरें उजवीकडून डावीकडे सरसर लिहून दाखविलीं आणि बैठकींतील मंडळींस मोठें कौतुक वाटलें. त्याच बैठकींत आम्हीं गडचिरोली जिल्ह्यांतील मोहगांवच्या गोंडी शाळेचा विषय काढला, तेव्हां मात्र, "गोंडी शिकून पोटाला काय मिळणार?" असा प्रश्न दोघांतिघांनीं एकदमच केला.

या प्रश्नाचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. कारण चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही स्वतः तसेंच समजत होतों. त्या वेळीं चांद्याच्या पूर्वेकडील अरण्यांत एका लहानशा शाळेवर आमची नेमणूक होती. पहिलींत एक गोंड मुलगा होता. अंक विचारले कीं तो मान खालीं घालून उभा राही. वर्षाअखेर आम्हीं त्याच्या नांवापुढें 'मंदबुद्धि' असा शेरा लिहिला. पुढें वैशाखांत तेंदूपानांचा हंगाम आला. तोच मुलगा आईजवळ बसून सत्तर सत्तर पानांचीं पुडकीं बांधीत होता. उंदी, रंड, मूंद, नालुंग असें मोजीत दर दहांस एक खडा बाजूला ठेवी. सात खडे झाले कीं पुडकें पुरें. आम्हीं तीन पुडकीं सोडून मोजलीं. एकाही पानाची चूक नव्हती. अंक त्याला येत होते, आम्हांसच त्याचे अंक ठाऊक नव्हते. शेरा खोडावा म्हणून जून महिन्यांत नोंदवही काढली, पण मुलगा शाळेंत परत आलाच नाहीं.

गोंडी ही मराठीची पोटभाषा अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तिचें कुळ द्राविडी. तेलगूंतील रेंडु, मूडु, नालुगु हे अंक वरील अंकांशेजारीं ठेवून पाहावे. २०११ च्या जनगणनेंत गोंडी बोलणारे सुमारें तीस लक्ष भरले, तरी घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांत तिला स्थान नाहीं. त्याच गणनेंत संस्कृत ही मातृभाषा सांगणारे २४,८२१. संस्कृतास मात्र तें स्थान आहे. (संस्कृतावर आमचें पोट भरलें, म्हणून हें लिहितांना थोडा संकोच होतो.)

मोहगांव हें धानोरा तालुक्यांत आहे. तेथील ग्रामसभेनें २०१९ सालीं 'गोटुल' हें आपलें जुनें नांव घेऊन स्वतःच शाळा काढली. गोंडीबरोबर मराठी व इंग्रजीही तेथें शिकवितात. घरच्या भाषेची पायरी धरून पुढील भाषांकडे जावयाचें, इतकीच योजना. २०२२ सालीं शिक्षणखात्यानें ती अनधिकृत ठरविली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत मान्यतेवांचून चालणाऱ्या शाळेस एक लाखापर्यंत दंड, व तरीही ती चालू राहिल्यास दररोज दहा हजार, असें सांगितलें आहे. परंतु त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमांत शिक्षणाचें माध्यम शक्य तोंवर मुलाची मातृभाषाच असावें, असेंही लिहिलें आहे! आणि अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय राज्यांनीं करावी, हें घटनेचें ३५० अ कलम तर १९५६ पासूनचें.

मान्यतेचे नियम नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. इमारत, पाणी, शिक्षकांची पात्रता हीं पाहिलींच पाहिजेत. पण त्या अटी पुऱ्या करण्यास ग्रामसभेला साहाय्य देणें खात्याच्या हातीं आहे. गोंडी जाणणारा शिक्षक मात्र गोंडांच्या गांवावांचून खात्यास कोठून मिळणार?

बैठकींतील मंडळींस आम्हीं हें सर्व सांगितलें. विषय लवकरच बदलला. दुबईची नात तेवढी जवळ येऊन बसली आणि नालुंगच्या पुढें काय, म्हणून विचारूं लागली. आम्हीं सांगितलें, "सैयुंग." तिनें तें अरबीच्याच वहींत लिहून घेतलें.