चाक थांबतं ब्रेकने, गाडी थांबते टायरने

मागच्या भागात आपण सस्पेन्शनबद्दल बोललो. त्यानंतर बडोद्यापासून बेळगावपर्यंतच्या श्रोत्यांनी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला: "माझी गाडी जरा स्पोर्टी आहे. तिला कोणते ब्रेक पॅड घालू आणि कोणते टायर?" बहुतेकांना उत्तरात एका कंपनीचं नाव हवं होतं. नाव मी आज सांगणार नाही. नाव कसं निवडायचं ते सांगणार आहे, कारण एकदा मी नुसतं नाव बघून निवडलं होतं आणि ते चांगलंच अंगाशी आलं.

मी कोलकात्यात, बालीगंजमध्ये राहतो. माझी गाडी 2018 ची पोलो जीटी टीएसआय. आपल्या चाकणच्या कारखान्यात बनलेली, 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस ताकद, वजन साधारण अकराशे किलो. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. कंपनीने दिलेले टायर 195/55 आर16 मापाचे होते. ते मला साधे वाटले. म्हणून 2021 मध्ये मी 17 इंची अलॉय आणि त्यावर 215/45 चे रुंद टायर चढवले, आणि पुढे 'रेसिंग' असं छापलेले ब्रेक पॅड बसवून घेतले. जुनी चाकं गॅलरीत गेली. गाडी दिसायला झकास झाली.

2022 च्या गणेशोत्सवातली गोष्ट. आईला घेऊन हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात निघालो होतो. सकाळची वेळ, रात्रभर पाऊस पडून गेलेला. आईच्या मांडीवर मोदकांचा डबा. घरापासून जेमतेम पाच मिनिटं झाली असतील. गरियाहाट रोडने बालीगंज फाँडीकडे जाताना माझी उजवी चाकं ट्रामच्या रुळावर होती. तेवढ्यात डावीकडच्या गल्लीतून शहाळ्यांची हातगाडी समोर आली. मी ब्रेक दाबला. पहिल्या क्षणी पेडल लाकडासारखं लागलं, गाडी थांबायचं नावच घेईना. मी जीव खाऊन दाबलं, तेव्हा पायाखाली एबीएस खडखडलं आणि गाडी घसरत जाऊन हातगाडीला धडकली. गाडीवाल्याने बाजूला उडी मारली म्हणून वाचला. गुडघा खरचटला, शहाळी रस्ताभर झाली. मी त्याला दवाखान्यात नेलं, शहाळ्यांचे आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे दिले. आई वाटेत काही बोलली नाही. महाराष्ट्र निवासाच्या दारात उतरताना तिने एवढंच विचारलं, "बाळा, शर्यत कुणाशी होती?"

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांची उमेदीची वर्षं उत्तरपाड्यात बनणाऱ्या अ‍ॅम्बॅसडर दुरुस्त करण्यात गेली. जुन्या अ‍ॅम्बॅसडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे. डिस्क आणि एबीएस ही चैन त्यांनी फार उशिरा पाहिली. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "एबीएस वाजलं का?" मी हो म्हटलं. "मग ब्रेक कमी पडले नाहीत, टायर कमी पडले."

आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

पॅड डिस्कला चिमटीत पकडतात आणि चाक फिरायचं थांबतं. पण गाडीला रस्त्यावर धरून ठेवतात ते टायरचे चार ठसे, प्रत्येकी साधारण तळहाताएवढे. ब्रेकचा जोर त्या ठशांच्या पकडीपेक्षा जास्त झाला की चाक जाम होऊ लागतं, आणि तेच टाळण्यासाठी एबीएस तो जोर सोडतं-धरतं. म्हणजे एबीएस वाजलं की समजायचं, ब्रेक पुरेसे आहेत, टायरची पकड संपली. अशा वेळी आणखी महागडे पॅड घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

थोडा हिशोब करू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर 17 मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड 0.8 धरली, तर गाडी आणखी 18 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरची पकड 0.4 वर आली, तर तेच अंतर 35 मीटर होतं. ओल्या पोलादी रुळावर पकड आणखी घसरते. या हिशोबात पॅडचं नाव कुठेच येत नाही, हे लक्षात घ्या.

मग पॅड बिनमहत्त्वाचे का? अजिबात नाही. त्यांचं काम वेगळं आहे: उष्णता सोसणं. माणसांसकट 1,200 किलोची गाडी ताशी 100 वरून पूर्ण थांबवली, तर जितकी ऊर्जा उष्णतेत बदलते, तेवढ्यात सुमारे दीड लिटर पाणी 25 अंशांपासून उकळीपर्यंत येईल. ताशी 50 वरून थांबवली तर त्याच्या चौथाई. वेग दुप्पट तर उष्णता चौपट. शहरात ब्रेक मारून मारून पॅड कोमट होतात. पसरणी घाट उतरताना किंवा दार्जिलिंगहून खाली येताना ते खरे तापतात. रेस ट्रॅकवर त्याहून कितीतरी जास्त.

प्रत्येक पॅडचं मिश्रण ठरावीक तापमानासाठी बनवलेलं असतं. ऑरगॅनिक पॅड थंडीतही लगेच पकडतात, आवाज करत नाहीत, डिस्क जपतात, पण फार तापले की ढिले पडतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचा भाग मोठा असतो. ते उष्णता जास्त सोसतात, मात्र थोडा आवाज करतात आणि चाकावर काळी भुकटी सोडतात. सिरॅमिक पॅड शांत आणि स्वच्छ, रोजच्या वापराला छान. आणि ट्रॅकसाठीचे पॅड नीट तापल्याशिवाय कामालाच लागत नाहीत. घरापासून पाच मिनिटांवर, पावसाळी सकाळी, माझे पॅड थंडगार होते. पेडल लाकडासारखं लागलं ते त्यामुळे. म्हणजे त्या दिवशी माझ्या दोन चुका एकापाठोपाठ उघड्या पडल्या. पहिल्या क्षणी पॅड कमी पडले आणि जोर लावल्यावर टायर.

पॅड घेताना पाठीवर छापलेली दोन इंग्रजी अक्षरं शोधा, बऱ्याच पॅडवर ती असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापलेल्या स्थितीतलं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. 'एफएफ' पॅड थंड आणि गरम दोन्ही वेळा सारखाच वागतो. रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीला हे पुरतं. 'एफई' असेल तर तापल्यावर तो मऊ पडणार, हे धरून चाला. अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याची खात्री करा, आणि खोकं सीलबंद आहे ना ते बघा. आमच्याकडे मल्लिकबाजारात जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथून मी दरवाजाचं हँडल घेईन, ब्रेकची वस्तू घेणार नाही.

नवे पॅड बसवले की ते डिस्कवर बसू द्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना, ताशी 60 वरून 10 पर्यंत वेग मध्यम दाबाने आणायचा, पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून त्यांना थंड होऊ द्यायचं. पॅडबरोबर कंपनीची सूचना आली असेल तर ती आधी पाळा. पॅडचं मिश्रण 3 मिलिमीटरवर आलं की बदला. डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवर किंवा मध्यभागी कोरलेली असते, तीही मोजून घ्या.

आता ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि कोलकाता, मुंबई, गोवा इथल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो, ओलावा शिरल्यावर मानकाप्रमाणे तो 155 पर्यंत उतरू शकतो. घाटात ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडलच खाली गेलं, तर ऑइल उकळलंय. हा फरक पाठ करून ठेवा. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. पॅडपेक्षा हा खर्च कमी आणि उपयोग जास्त. आणि घाट उतरताना खालचा गिअर वापरा, त्याला तर पैसेही पडत नाहीत.

आता टायर. कडेवरचा मजकूर वाचायला शिका, दुकानदाराची गरज निम्मी संपते. 195/55 आर16 87व्ही म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या 55 टक्के, रिम 16 इंची. 87 म्हणजे एका टायरवर 545 किलो भार चालतो, व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंतची मर्यादा. कंपनीने दिलेल्यापेक्षा भार किंवा वेगाचा आकडा खाली कधी आणू नका. माप बदललंच तर चाकाचा एकूण व्यास मूळ व्यासाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचं बोलू लागतो. माझं 215/45 आर17 या हिशोबात बसत होतं, त्यामुळे कागदावर चूक नव्हती. चूक रस्त्यावर होती. कडेची उंची 107 वरून 97 मिलिमीटर झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यात एक रिम वाकली. शिवाय रुंद टायरला तेवढ्याच वजनाखाली जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो.

मिस्त्रींनी मग टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: 1217. म्हणजे 2017 चा बारावा आठवडा. मी 2021 मध्ये 'नवे' म्हणून घेतलेले टायर तेव्हाच चार वर्षांचे होते. रबर वयाने कडक होतं, दुकानात पडून राहिलं तरी. नक्षी उरली होती अडीच मिलिमीटर. कायद्याने 1.6 पर्यंत चालतं, खाचेतल्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला की ती हद्द संपली. पण पाणी बाहेर फेकायचं काम त्याच्या कितीतरी आधी मंदावतं. पावसाच्या गावात मी 3 मिलिमीटरला टायर बदलतो. टायर गोटा व्हायची वाट बघत नाही.

बऱ्याच टायरांवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेंपरेचर असे तीन दर्जे असतात. ट्रेडवेअरचा आकडा लहान तर रबर साधारणपणे मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी. ही चाचणी कंपन्या स्वतःच करतात, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो आकडा वापरा. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावल्यावरची पकड. एए सर्वांत वर, मग ए. आपल्या देशात चार महिने पाऊस पडतो, तेव्हा मी हे अक्षर आधी बघतो.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे घाला. इंजिन पुढची चाकं फिरवत असलं तरीही. पुढची पकड सुटली तर स्टिअरिंगमधून कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते.

शेवटी मी काय केलं? गॅलरीतली 16 इंची चाकं खाली आणली. मूळ मापाचे, त्याच वर्षी बनलेले, ओल्या पकडीत चांगल्या दर्जाचे टायर घेतले. पुढे 'एफएफ' पॅड, सगळं ब्रेक ऑइल नवं. अलॉय विकून आलेल्या पैशांत यातला बराच खर्च निघाला.

तुम्हीही हाच क्रम ठेवा. आधी टायर, मग ऑइल, मग पॅड. घाटात नेहमी जाणाऱ्यांनी उष्णता सोसणारे रस्त्याचे पॅड घ्यावेत. कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांनी ट्रॅकचे पॅड तिथेच बसवावेत आणि परतताना काढावेत. आणि या रविवारी एक काम करा: टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, नक्षी मोजा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवा.

तो शहाळेवाला अजून फाँडीजवळ उभा असतो. मी थांबतो, आईसाठी एक शहाळं घेतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता आधी गाडीच्या चाकांकडे बघितलं. मला ते बरोबरच वाटलं.

पुढच्या भागात टायरमधली हवा आणि अलाइनमेंट यांबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा. नमस्कार.