वांग्याचा अडकलेला निकाल

भरताचं वांगं भाजायला घेण्याआधी आई ते देठाला धरून उजेडात फिरवून बघायची. टाचणीच्या टोकाएवढं जरी भोक दिसलं, तरी तिथंच सुरीनं छेद द्यायची. आत काळपट विष्ठेनं भरलेली वाट आणि वाटेच्या टोकाला फिकट गुलाबी अळी. असं वांगं भरताला चालत नाही. किडका भाग काढून उरलेल्याची भाजी व्हायची. बामणोद-असोद्याच्या वांग्यांवर वाढलेल्या खानदेशातल्या घरांना हे सांगायला नको.

आता बाजारात ढिगातून वांगी निवडताना भोक फारसं दिसत नाही. अळी संपली, असा त्याचा अर्थ नाही. शेंडे आणि फळं पोखरणारी ही अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच शेंड्यात नाहीतर फळात शिरते. एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ती शिरण्याआधीच गाठायची, म्हणजे सतत फवारत राहायचं. वांग्याचा तोडाही चार-सहा दिवसांनी असतोच. आज फवारा, परवा तोडा, तेरवा मंडई. औषधाच्या बाटलीवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते छापलेलं असतं. पण तेवढे दिवस थांबलं तर माल जून होतो आणि भाव पडतो. शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही, त्याच्यापुढं दुसरी वाट नसते. पाठीवर पंप घेऊन वाफ्यांतून फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर हे औषध सगळ्यात आधी पडतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये.

खाण्याच्या पिकात जनुक बदलावं की नाही, हा वाद मला या पंपापासून सुरू करावासा वाटतो. बीटी वांग्याची तुलना कुठल्या तरी निर्मळ, बिनऔषधी वांग्याशी केली तर ती लढाई आधीच हरलेली. तुलना करायची ती आज ताटात येणाऱ्या वांग्याशी.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. तो एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो. त्यात ते विरघळतं, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक जागी चिकटतं, भिंतीला छिद्रं पाडतं आणि अळी खाणं सोडून मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि चिकटायला लागणारी ती जागा आपल्या आतड्यात नसते. याच जिवाणूची भुकटी सेंद्रिय शेती करणारेही फवारतात. शास्त्रज्ञांनी केलं ते इतकंच, की ते प्रथिन बनवणारं जनुक वांग्याच्या झाडातच बसवलं. अळीनं पहिला घास घेतला की तिचा खेळ संपला.

आपल्याकडे हे काम जालन्याच्या महिकोनं केलं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये उभी केलेली ही मराठवाड्यातली कंपनी. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीनं बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती दिली. कारणं साधी होती: शास्त्रज्ञांत एकमत नाही, राज्यं विरोधात आहेत, घाई करावी असं काही अडलेलं नाही, म्हणून लोकांचं आणि तज्ज्ञांचं समाधान होईल असे स्वतंत्र अभ्यास आधी व्हावेत. त्या वेळी मला हा निर्णय योग्य वाटला होता. विक्री करणाऱ्यानंच चाचण्यांचे आकडे द्यायचे आणि त्यावर सरकारनं शिक्का मारायचा, ही पद्धत आपल्या अन्नाला शोभणारी नाही. वांगं मूळचं आपल्या भूमीतलं. मांजरीचं काटेरी, कृष्णाकाठचं, जळगावचं भरताचं, अशी त्याची वाणं गावागणिक बदलतात. त्यांच्याबद्दल जास्त काळजी घ्यायची ती आपणच.

पण स्थगितीला वर्षांमागून वर्षं लोटली आणि दरम्यान आपल्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं? बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी आहे. सरकीचं तेल फरसाण तळायला जातं, ढेप दुभत्या जनावरांपुढं पडते. अर्जेंटिना-ब्राझीलकडून येणारं सोयातेल बहुतेक जनुक बदललेल्या सोयाबीनचंच. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे त्यात भिण्यासारखं मला काही दिसत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्याचे भाव भडकले, तेव्हा जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, सोयापेंडीच्या १२ लाख टन आयातीला सरकारनंच परवानगी दिली. म्हणजे 'खावं की नाही' हा प्रश्न उद्याचा राहिलेलाच नाही. आपण खातो आहोत, फक्त आपल्याला कुणी सांगत नाही. जनुक बदललेलं अन्न असेल तर पाकिटाच्या दर्शनी भागावर 'जीएम' छापायचं, हा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. मी दुकानातल्या फळीवरच्या तेलाच्या पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या. ती दोन अक्षरं कुठंही सापडली नाहीत.

बीटी कपाशीच्या अनुभवातून मात्र खूप शिकण्यासारखं आहे आणि त्यात कौतुकापेक्षा इशारा जास्त आहे. पहिल्या वर्षांत हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारे कमी झाले, शेतकरी या बियाण्याकडे आपणहून वळला. मग गुलाबी बोंडअळी परतली. बियाण्याच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची वेगळी पुडी असायची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे तिथं वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या अळ्यांच्या पतंगांशी जुळून पुढची पिढी सौम्य ठेवतील. बहुतेकांनी ती पुडी बांधावर टाकून दिली. तिचं काम काय, हे समजावून सांगायला कुणी आलं नाही. त्यात फरदड घेत कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली, अळीला वर्षभराचं घर मिळालं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं फोडली की आत अळी. जनुक चांगलं होतं. त्याच्याभोवतीची शिस्त नव्हती.

शेजारच्या बांगलादेशानं हेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं आणि २०१४ च्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या हातात दिलं. फरक एकच, पण मोठा: तिथली वाणं सरकारी संशोधन संस्थेची आहेत, संकरित नाहीत. शेतकरी आपल्याच फळातून बी धरू शकतो, दरवर्षी दुकानात जावं लागत नाही. फवारणीचा खर्चही तिथं बराच उतरला. आपल्याकडेही कोईमतूर आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठांनी सरळ वाणांत हे जनुक आणलं होतं. स्थगितीत तीही अडकली.

आणि नाही म्हटल्यानं काही थांबत नाही. तणनाशक सहन करणारी, परवानगी नसलेली कपाशी गावोगाव 'चोर बीटी' म्हणून विकली जाते. २०१९ मध्ये पकडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. तरीही त्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ती उघडपणे पेरून कायदा मोडला. त्याच वर्षी हरियाणात बीटी वांगंही शेतात उभं सापडलं. चोरीच्या बियाण्याला पावती नसते, उगवलं नाही तर भरपाई नसते, ते तपासलेलंही नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. जनुक बदललेलं म्हणून विष, असं मी मानत नाही. आणि शास्त्रज्ञानं बनवलं म्हणून डोळे मिटून घ्यावं, असंही नाही. प्रत्येक पीक वेगळं तपासावं लागेल. तणनाशक सहन करणाऱ्या पिकाला मी आज हो म्हणणार नाही, कारण त्यानं फवारा कमी होत नाही, वाढतो. वांग्याला मात्र मी हो म्हणायला तयार आहे, तीन अटींवर: चाचण्या सरकारी संस्थांनी कराव्यात आणि त्यांचे आकडे मराठीतही जाहीर व्हावेत, बी धरता येईल अशी सरळ वाणं आधी यावीत, आणि पाटीवर नाव लिहिलेलं असावं.

जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मोहरीबद्दल एकमत झालं नाही. पण जीएम पिकांसाठी देशाचं एक धोरण सर्वांशी बोलून ठरवा, यावर दोघंही एक होते. ते धोरण ठरताना वांगं पिकवणाऱ्याचं आणि वांगं खाणाऱ्याचं, दोघांचंही म्हणणं तिथं पोचायला हवं. तुमच्या आमदार-खासदाराला एवढंच विचारा: २०१० ची स्थगिती ज्या अभ्यासासाठी होती, तो पुरा करून निकाल कधी सांगणार? निकाल 'नको' असा लागला तरी चालेल, पण तो लागू द्या.