तीन पत्तीकडून पोकरकडे

मंडळी, दिवाळी आली की सिंगापूरच्या आपल्या घरांतही फराळानंतर पत्त्यांचा कॅट बाहेर येतो. मेंढीकोट, झब्बू झाले की कोणीतरी म्हणतेच, "आज पोकर शिकवा ना!" गेल्या दिवाळीत आम्ही शिकायला बसलो आणि पहिल्याच मोठ्या डावावर वाद पेटला. तुमच्याकडे तो टळावा म्हणून हा लेख.

पोकरचा सर्वांत लोकप्रिय प्रकार टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पाने झाकून वाटतात. मग सर्वांसाठी मध्ये आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक अशी पाच पाने उघडतात. पाने वाटल्यावर आणि दर उघडणीनंतर बोली होते: बरोबरी करा, वाढवा किंवा पाने टाका. शेवटी सातांपैकी उत्तम पाच पाने धरायची.

आमच्या डावात मध्ये होती बदामाची राणी, नव्वी, चव्वी, चौकट अठ्ठी आणि किलवर पंजी. काकांकडे इस्पिक दश्शी आणि किलवर गुलाम. "सिक्वेन्स!" म्हणत त्यांनी सगळा राजमा (हो, आम्ही राजम्याच्या दाण्यांवर खेळतो!) ओढला. वहिनींकडे बदामाची सत्ती आणि दुर्री, म्हणजे कलर. तीन पत्तीत काका जिंकले असते. पोकरमध्ये राजमा वहिनींचा!

असे का? तीन पानांच्या २२,१०० जुळण्यांत साधे सिक्वेन्स ७२०, तर कलर १,०९६. पाच पानांच्या २५,९८,९६० जुळण्यांत सिक्वेन्स १०,२००, पण कलर फक्त ५,१०८. पोकरमध्ये जे दुर्मिळ ते वरचढ.

हा उतरता क्रम लिहून टेबलावर ठेवा: एकाच रंगाचा सिक्वेन्स, चार सारखी, फुल हाऊस (तीन सारखी आणि एक जोडी), कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, सर्वांत मोठे पान.

आता महत्त्वाचे. सिंगापूरच्या २०२२ च्या जुगार नियंत्रण कायद्यानुसार घरी, कुटुंबीय आणि मित्रमंडळींत पैसे लावून खेळायला मुभा आहे, पण त्यातून कोणी धंदा किंवा स्वतःचा फायदा करता कामा नये. म्हणजे यजमानाने दर डावातून 'कट' काढला की ही मुभा संपली. मित्रांमधला असला तरी पैशांचा ऑनलाइन डाव या सवलतीत बसत नाही.

म्हणून आमचा राजमाच बरा. हरलो तरी झोप शांत लागते!

शुभ दीपावली!